‘आई, तू बसून राहा’ म्हणण्याआधी : ज्येष्ठांचं घरातलं पडणं टाळण्यासाठी

घरातलं वयस्क माणूस एकदा पडलं की बहुतेक घरांत एकच फर्मान निघतं, “आता तू उठूच नकोस, काय हवं ते आम्हाला सांग.” त्यामागे माया असते, भीती असते, आणि दिवसभर आपण घरी नसणार ही टोचणीही असते. पण हे फर्मान पाळलं गेलं तर काही आठवड्यांतच मांड्यांतली ताकद उतरते, पाऊल उचललं जाण्याऐवजी फरशीवर घासायला लागतं आणि पुढचं पडणं जवळ येतं. घरोघरी जाऊन ज्येष्ठांकडून व्यायाम करून घेण्याच्या कामात हे मी वारंवार पाहते. ज्यांना जपून जपून खुर्चीत बसवलं, तेच दुसऱ्यांदा पडतात, आणि या वेळी हाड मोडतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसांचा मृत्यू होतो, आणि त्यांत साठीपुढच्यांचं प्रमाण मोठं आहे. पासष्टीच्या पुढची साधारण तीन-चार माणसांतली एक दर वर्षी एकदा तरी पडते. तरीही पडण्यामागची कारणं बहुतेक वेळा शोधता येतात, आणि त्यांतली निम्मीशिम्मी घरच्या घरी दूर करता येतात. आईवडील नुकतेच तुमच्याकडे राहायला आले असतील, किंवा गावी एकटे असतील आणि तुम्ही पहिल्यांदाच या काळजीत पडला असाल, तर पुढच्या क्रमाने जा.

पहिली पायरी : विचारा, पण ‘पडलात का’ असं विचारू नका

म्हातारी माणसं पडल्याचं सांगत नाहीत. सांगितलं की देवळात जाणं बंद होईल, हातात काठी येईल, मुलगा ओरडेल, हे त्यांना पक्कं माहीत असतं. त्यामुळे ‘पडलात का?’ या प्रश्नाला ‘छे, कुठे काय’ हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी असं विचारून बघा : “आई, या महिन्यात कुठे पटकन भिंत धरावी लागली का गं तुला?” किंवा “बाबा, बाथरूममधून बाहेर येताना कधी झोक गेला का तुमचा?” यावर बरंच काही बाहेर येतं.

जे कळेल ते दुधाच्या हिशोबाच्या वहीत लिहून ठेवा. चारच गोष्टी : किती वाजता, कुठल्या जागी, त्याआधी काय चाललं होतं आणि पायात काय होतं. अशा तीन-चार नोंदी झाल्या की धागा दिसायला लागतो. पहाटे अंथरुणातून उठल्या-उठल्या तोल जात असेल तर संशय रक्तदाबावर आणि लघवीच्या घाईवर. दुपारी पोटभर जेवून उठल्यावर जात असेल तरीही रक्तदाब, कारण वय वाढलं की जेवणानंतर तो बऱ्याच जणांचा खाली येतो. नेहमी एकाच दारात होत असेल तर दोष त्या उंबरठ्याचा किंवा तिथल्या पायपुसण्याचा.

एक गोष्ट मात्र वहीत लिहून थांबायची नाही. डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडले, काही क्षण शुद्ध हरपली, किंवा ‘कसा पडलो ते आठवतच नाही’ असं म्हणत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर. हृदयाचे ठोके चुकत असण्याची शक्यता त्यात असते.

दुसरी पायरी : घरातल्या घरात तीन चाचण्या

यासाठी मोबाइलमधलं घड्याळ आणि हात असलेली एक भक्कम खुर्ची पुरते. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि तुम्ही हातभर अंतरावर उभे राहा.

पहिल्या चाचणीत खुर्चीपासून ३ मीटरवर फरशीवर खूण करा. उठायचं, नेहमीच्या चालीने खुणेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरा. वेळेइतकंच वळण्याकडे लक्ष द्या. चार-पाच बारीक पावलं टाकत, अडखळत वळणं ही धोक्याची खूण.

दुसरी चाचणी : हात छातीवर घडी घालून, खुर्चीतून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता-बसता येतं ते मोजा. सत्तरीच्या पहिल्या चार-पाच वर्षांत बाईला निदान १० आणि पुरुषाला १२ वेळा जमायला हवं. हात टेकल्याशिवाय उठताच येत नसेल, तर आकडा शून्य लिहा.

तिसऱ्या चाचणीत ओट्याशेजारी उभं करून एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्यापुढे, म्हणजे एका रेषेत ठेवायला सांगा. आधार न घेता १० सेकंद राहता आलं नाही, तर तोल सांभाळण्याच्या व्यायामाची गरज आहे.

तिसरी पायरी : गोळ्यांचा डबा

घरातल्या सगळ्या गोळ्या एका ताटात काढा. बीपीच्या, साखरेच्या, झोपेच्या, सर्दीच्या, शेजारच्या काकूंनी ‘मला गुण आला’ म्हणून दिलेल्यासुद्धा. ते सगळं पिशवीत घालून घरच्या डॉक्टरांकडे न्या. चारपेक्षा जास्त औषधं चालू असली की पडण्याचा धोका वाढतो. काही गटांबद्दल तर मुद्दाम विचारायला हवं.

झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या जातीच्या, यांत सगळ्यात पुढे. रात्री घेतलेल्या गोळीचा अंमल पहाटे बाथरूमला जाताना अजून अंगात असतो. अनेकांना ही गोळी कधीतरी पंधरा दिवसांसाठी दिलेली असते आणि ती वर्षानुवर्षं चालू राहते. ती आपल्या मनाने एकदम थांबवू नका, अचानक सोडल्यास त्रास होतो. डॉक्टर ती हळूहळू कमी करून देतात. प्रोस्टेटसाठी दिलेल्या टॅम्सुलोसिनसारख्या गोळ्यांनी उठताना रक्तदाब उतरू शकतो. सर्दी-खाजेच्या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते. लघवी वाढवणारी गोळी रात्री घेतली तर रात्रभर फेऱ्या होतात. ती सकाळी घेतली तर चालेल का, हे विचारून घ्या.

मधुमेहाच्या गोळ्यांचं आपल्याकडे एक वेगळंच प्रकरण आहे : उपवास. एकादशीला किंवा नवरात्रात जेवण साबुदाण्याच्या दोन घासांवर येतं, पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन नेहमीच्याच मात्रेत घेतलं जातं. साखर उतरते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात आणि माणूस देवघरापुढून उठता उठता कोसळतं. उपवास सोडायला लावणं बऱ्याच घरांत जमत नाही. मग निदान उपवासाच्या दिवशी मात्रा काय असावी, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून आणा.

घरी बीपीचं मशिन असेल तर ही तपासणी करा. पाच मिनिटं आडवं झोपवून रक्तदाब घ्या. मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर तो कागद डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात बहुधा बसवूनच बीपी बघतात, त्यामुळे हे उतरणं निसटून जातं.

चौथी पायरी : बाथरूम

एकाच जागेवर पैसे खर्च करायचे असतील तर ते इथे करा. ओली फरशी, साबणाचं पाणी, वाकणं, एका पायावर उभं राहून पाय घासणं, आणि गरम पाण्याने उतरणारा रक्तदाब, हे सगळं चार बाय सहाच्या जागेत एकत्र येतं.

आधी आंघोळ बसून. ‘मला उभ्याने सवय आहे’ म्हणून बाबा ऐकणार नाहीत, तरी चिकाटी सोडू नका. बाजारात मिळणारं हलकं प्लास्टिकचं स्टूल घेऊ नका. ओल्या टाइलवर त्याचे पाय फाकतात आणि माणूस स्टुलासकट जातं. पायांना रबरी बूच असलेली, हात असलेली आंघोळीची खुर्ची घ्या. पाटावर किंवा चौरंगावर बसून आंघोळ करणाऱ्यांना खाली बसणं जमतं, पण ओल्या अंगाने तिथून उठणंच अवघड असतं. गुडघे दुखत असतील तर पाट बंद.

मग बादली. बादली जमिनीवर असली की प्रत्येक तांब्याला कमरेतून वाकावं लागतं आणि डोकं खाली-वर होतं. बादली एका भक्कम बैठ्या स्टुलावर ठेवा, म्हणजे बसलेल्या माणसाचा हात सरळ पाण्यात जाईल. साबण दोरी बांधून नळाला अडकवा किंवा बाटलीतला वापरा. हातातून निसटलेली वडी वाकून उचलायला जाणं हा पडण्याचा ठरलेला प्रसंग आहे.

आता आधाराचे दांडे, म्हणजे ग्रॅब बार. दोन हवेत. एक कमोडशेजारच्या भिंतीवर, एक आंघोळीच्या जागी. उंची ठरवताना पुस्तकी मापावर जाऊ नका. ज्यांच्यासाठी बसवायचा त्यांना कमोडवर बसवा, उठताना त्यांचा हात आपसूक जिथे जातो आणि कोपर किंचित वाकलेलं राहतं, तिथे पेन्सिलने खूण करा. मग ड्रिल. पकडायला दांडा बोटांनी पूर्ण वेढता यावा, साधारण साडेतीन सेंटिमीटर जाडीचा. रबरी वाटीने चिकटणारे दांडे घेऊ नका. ते ओल्या टाइलवरून नेमके जोर पडतानाच सुटतात. टॉवेलचा रॉडही आधाराला नाही. त्याचे दोन बारीक स्क्रू माणसाचं वजन पेलण्यासाठी नसतात.

इथे भिंतीचाही विचार करावा लागतो. जुन्या इमारतीत विटांची भिंत असते, तिथे लांब अँकर बोल्ट छान बसतो. नव्या सोसायट्यांत बाथरूमच्या आतल्या भिंती बऱ्याचदा सिपोरेक्सच्या हलक्या ब्लॉकच्या असतात. त्यांत साधा फास्टनर ठोकला तर महिनाभरात तो हलायला लागतो. प्लंबरला काम सांगताना ‘भिंत कसली आहे ते ठोकून बघा आणि त्याप्रमाणे फास्टनर आणा’ हे स्पष्ट सांगा. बसवून झाल्यावर तुम्ही स्वतः पूर्ण वजनाने त्याला लटकून बघा. आईच्या आधी ती परीक्षा तुमची.

भारतीय पद्धतीचा संडास असेल आणि उकिडवं बसून उठणं जड जात असेल, तर पूर्ण तोडफोड करायची गरज नाही. मधोमध भोक असलेली लोखंडी कमोड-खुर्ची भांड्यावर ठेवता येते. ती डुगडुगत नाही ना, एवढं बघून घ्या. आणि कमोड आहे पण बुटका आहे, तर त्यावर बसवायची उंच सीट मिळते.

दाराच्या कडीचंही बघा. आतून कडी लावून कुणी पडलं की दार फोडावं लागतं. आतली कडी काढून बाहेरून नाण्याने उघडता येईल असं लॉक बसवा. दार आत उघडत असेल तर पडलेल्या माणसाच्या अंगावरच ते अडकतं. सुताराकडून ते बाहेर उघडणारं करून घेता आलं तर उत्तम.

फरशी गुळगुळीत असेल तर खाली चिकटणाऱ्या रबरी वाट्या असलेली, पाणी निथळणारी भोकांची रबरी चटई टाका, आणि दर आठवड्याला ती उचलून खालचा साबणाचा थर ब्रशने घासून काढा. हे घासणं राहिलं तर चटईच घसरते.

पाचवी पायरी : अंथरुणापासून संडासापर्यंत

रात्रीचा हा रस्ता स्वतः एकदा दिवा न लावता चालून बघा. काय काय पायात येतं ते कळेल : पलंगाखालून डोकावणारी चप्पल, मोबाइलच्या चार्जरची वायर, घडी पडलेली सतरंजी, गोधडीचं लोंबणारं टोक. हे सगळं हलवा. प्लगमध्येच बसणारा, अंधार झाला की आपोआप लागणारा छोटा दिवा दोन-तीनशे रुपयांत मिळतो. एक खोलीत, एक पॅसेजमध्ये, एक बाथरूमबाहेर. गावाकडे वीज जात असेल तर उशाशी बॅटरी, आणि ती रोज एकाच जागी.

पलंगाची उंची अशी हवी की काठावर बसल्यावर पाऊल पूर्ण टेकेल आणि गुडघे काटकोनात येतील. उठण्याची पद्धत शिकवावी लागते : कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, हाताने रेटा देऊन बसायचं, बसल्या जागी घोटे दहा-पंधरा वेळा वर-खाली करायचे, दोन मिनिटं थांबायचं आणि मगच उभं राहायचं. उभं राहिल्यावरही पलंगाला धरून दहापर्यंत मोजायचं. लघवीची घाई असते म्हणून हे सगळं टाळलं जातं. ज्यांना रात्री तीन-चारदा उठावं लागतं, त्यांच्यासाठी पलंगाशेजारी कमोड-खुर्ची किंवा भांडं ठेवा, आणि रात्री एवढ्या वेळा का जावं लागतं ते तपासून घ्या. पाणी पिणं कमी करून हा प्रश्न सोडवू नका. पाणी दिवसा भरपूर, संध्याकाळनंतर बेताने.

उरलेल्या घरात नजर टाका ती सणासुदीच्या आणि रोजच्या सवयींवर. दारातला चपलांचा ढीग. गुळगुळीत टाइलवर सांडलेली रांगोळीची पूड. समईतून ओघळलेलं तेल. फरशी पुसल्यावर वाळायच्या आत केलेली लगबग. दिवाळीत अंगाला तेल चोळून ओल्या बाथरूमपर्यंत चालत जाणं, त्यापेक्षा तळपायांना तेल आंघोळीच्या खुर्चीत बसल्यावरच लावा. पायपुसणी जाड रबरी पाठीची तरी हवीत, नाहीतर उचलून टाकलेली बरी. स्वयंपाकघरात रोजचे डबे कंबर ते खांदा या उंचीत आणून ठेवा. माळ्यावरचं काहीही काढायला स्टुलावर चढायचं नाही, हा नियम मात्र कडक ठेवा.

जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा असावा आणि तो शेवटच्या पायरीच्या थोडा पुढेपर्यंत जावा. शेवटची पायरी संपली असं वाटून टाकलेलं पाऊल घात करतं. प्रत्येक पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी रंगवली तर कमी दिसणाऱ्या डोळ्यांनाही कड कळते. राखाडी फरशीवर पिवळी चांगली दिसते.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरांसाठी वेगळं सांगते. जांभ्याच्या पायऱ्या आणि अंगणातली फरशी पावसाळ्यात शेवाळाने हिरवी होते. पहिल्या पावसानंतर आणि मग दर पंधरा दिवसांनी ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासून घ्या. विहिरीकडे, तुळशीकडे, गोठ्याकडे जाणाऱ्या वाटेवर एका बाजूने दोरी किंवा बांबूचा कठडा बांधा. एका हातात छत्री आणि दुसऱ्यात फुलांची परडी असली की धरायला हात उरत नाही. पावसात रेनकोट बरा.

सहावी पायरी : पायांत ताकद

घर कितीही सुधारलं तरी पायात बळ नसेल तर फार उपयोग होत नाही. व्यायामाने पडण्याचं प्रमाण साधारण चौथ्या हिश्श्याने कमी होतं, हे अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा दिसलं. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात १९९० च्या दशकात घरच्या घरी करायचा एक कार्यक्रम तयार झाला. त्यात पायांची ताकद आणि तोल यांचे साधे व्यायाम आठवड्यातून तीनदा करायचे, शिवाय चालायचं. त्याच्या चाचण्यांत पडणं सुमारे ३५ टक्क्यांनी घटलं. आज जगभरचे फिजिओथेरपिस्ट त्याच धर्तीवर काम करतात.

आपल्याकडे ‘मी रोज फिरायला जातो’ म्हटलं की व्यायाम झाला असं समजतात. फिरणं मन, साखर, बीपी सगळ्याला चांगलं आहे, ते सोडू नये. पण नुसत्या चालण्याने पडणं कमी होत नाही. तोलाला आव्हान मिळावं लागतं, म्हणजे किंचित डगमगायला होईल इतपत अवघड काहीतरी, हाताशी आधार ठेवून.

सगळं ओट्याशी करता येतं, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. दोन्ही हातांनी ओटा धरून टाचा उचलायच्या, दहा वेळा. मग चवडे उचलून टाचांवर, दहा वेळा. मग ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवं चालायचं, खेकड्यासारखं. मग एका रेषेत पावलं ठेवून उभं राहायचं, शेवटी एका पायावर. खुर्चीतून उठ-बस सगळ्यात महत्त्वाची : सुरुवातीला हात टेकून पाच वेळा, हळूहळू हात न टेकता दहा वेळांचे दोन फेरे. सोपं वाटायला लागलं की अवघड करा. दोन हातांऐवजी एक हात, मग दोन बोटं, मग हात न टेकता ओट्याच्या नुसता वर धरायचा. याच टप्प्यावर बहुतेक जण अडकतात. वर्षभर तोच सोपा व्यायाम करत राहतात आणि फरक पडला नाही म्हणून सोडून देतात. हळूहळू वाढवत आठवड्याला एकूण तीन तासांपर्यंत नेलं तर फायदा जास्त.

दुसरी चाचणी शून्य आली असेल, पक्षाघात किंवा पार्किन्सन असेल, किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर सुरुवात फिजिओथेरपिस्टसोबतच करा.

जमिनीवर बसून जेवणाऱ्या, पूजा करणाऱ्या ज्येष्ठांना उगाच खुर्चीवर आणू नका. ज्यांना अजून जमिनीवरून उठता येतं त्यांच्याकडे मोठी शिल्लक आहे, ती वापरात ठेवा. शेजारी भक्कम खुर्ची असू द्या, म्हणजे उठताना हात टेकता येईल. गुडघा किंवा खुबा बदललेला असेल तर मात्र सर्जनने सांगितलं तेच पाळा.

आणि ताटात बघा. चहा-बिस्किटं आणि मऊ भात यावर स्नायू टिकत नाहीत. प्रत्येक जेवणात घट्ट वरण, उसळ, दही, पनीर, अंडं, मासे यांतलं काहीतरी हवंच. ड जीवनसत्त्व तपासून डॉक्टर सांगतील तेवढंच घ्या. एकदम मोठा डोस घेतल्याने पडणं उलट वाढल्याचं दिसलेलं आहे.

डोळे, पाय, काठी

मोतीबिंदू ‘पिकू दे’ म्हणून थांबवून ठेवू नका. ऑपरेशननंतर पडण्याचं प्रमाण कमी होतं. दुहेरी भिंगाच्या चष्म्याचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो. जिना उतरताना नजर त्यातूनच जाते आणि पायरी धूसर दिसते. बाहेर जाण्यासाठी फक्त लांबचा वेगळा चष्मा करून घ्या.

घरातली स्लिपर मागून उघडी, झिजलेली आणि एक नंबर मोठी असते. मागे पट्टा असलेली, पातळ पण घट्ट तळव्याची, खाच असलेली सँडल घरात वापरायला द्या. नुसते मोजे घालून टाइलवर चालणं बंद. मधुमेह असेल तर रोज रात्री तळपाय बघा आणि डोळे मिटायला लावून कापूस फिरवा. कळत नसेल तर त्या पायाला जमीनही नीट कळत नाही.

काठीची उंची : सरळ उभं राहून हात सैल सोडला की मनगटावरची रेघ जिथे येते, तिथे मूठ. काठी धरायची ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, हे बहुतेक जण उलटं करतात. खालचं रबरी बूच झिजून गुळगुळीत झालं की बदला, ते हार्डवेअरच्या दुकानातही मिळतं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

महाराष्ट्रात ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि कितीतरी ज्येष्ठ पुन्हा लेकीकडे, देवाला जायला लागले. हे फार चांगलं झालं. पण एसटीची पहिली पायरी उंच असते. पिशवी हातात न धरता खांद्याला आडवी अडकवा, दोन्ही हात दांड्याला, आणि गाडी पूर्ण थांबल्याशिवाय सीट सोडायची नाही. कंडक्टरला आधीच सांगून ठेवलं तर बहुतेक वेळा ते थांबतात.

पडलेच तर

धावत जाऊन बगलेत हात घालून उचलू नका. आधी विचारा, कुठे दुखतंय, डोकं आपटलं का. एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं असेल, तर खुब्याचं हाड मोडलं असण्याची दाट शक्यता. उभं करायचं नाही, चोळायचं नाही, तेल लावायचं नाही, १०८ ला फोन. खुब्याचं ऑपरेशन शक्यतो ४८ तासांच्या आत झालेलं बरं. म्हणून ‘दोन दिवस बघू’ म्हणत थांबू नका. कधी कधी मोडलेल्या हाडावरही माणूस लंगडत चालतं. जांघेतलं दुखणं थांबत नसेल तर एक्स-रे काढाच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि डोकं आपटलं असेल, तर वरून काही दिसत नसलं तरी लगेच हॉस्पिटल. आतला रक्तस्राव काही दिवसांनी, कधी आठवड्यांनीही वर येतो. त्यामुळे पुढे डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात घोळ दिसला तर ते पडणं डॉक्टरांना आठवणीने सांगा.

इजा नसेल तर त्यांना स्वतःच उठू द्या, तुम्ही खुर्ची आणून द्या : कुशीवर वळायचं, कोपरावर, मग हात-गुडघ्यांवर, रांगत खुर्चीपर्यंत, दोन्ही हात सीटवर, चांगला पाय पुढे रोवून उठायचं आणि वळून बसायचं. हे पडण्याआधीच एखाद्या दुपारी गादीवर करून बघा. ज्याला उठता येतं त्याची भीती निम्मी होते. तासाभरापेक्षा जास्त जमिनीवर पडून राहणं फार घातक असतं. म्हणून एकट्या राहणाऱ्यांच्या गळ्यात कापडी पिशवीत मोबाइल हवा, बाथरूममध्येसुद्धा, आणि शेजाऱ्यांकडे किल्ली.

साध्या पडण्याने मनगट, मणका किंवा खुबा मोडला, तर हाडं ठिसूळ झाली आहेत असं समजून त्याचे उपचार मागा. प्लॅस्टर काढून घरी पाठवलं की काम झालं असं मानू नका. हाडांची घनता तपासण्याबद्दल तुम्हीच विचारा.

खर्चाचं

दोन दांडे, खुर्ची, दिवे आणि चटई हे सगळं काही हजारांत बसतं. तेही जड असेल तर केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत (सुरुवात २०१७) कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना काठी, वॉकर, चाकाची खुर्ची मोफत मिळते. महाराष्ट्राच्या २०२४ मधल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीला अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये बँक खात्यात देण्याची तरतूद आहे. चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करा. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७. हा नंबर मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळ चिकटवा, आणि त्याखाली शेजाऱ्यांचा.